कोपऱ्यात बसली ती बांगडी

बोर्ड पडला तो नेमका हिरालालच्या सायकलपुढं.

चैत्रातली दुपार होती. पवनीच्या बाजारगल्लीत वावटळ शिरली, ताडपत्र्या फडाफडा उडाल्या, बाबूलालच्या पानठेल्यावरची पानं गल्लीभर झाली, आणि जाता जाता तिनं मधुकरराव कासारांच्या बांगडीच्या दुकानावरचा जुना बोर्ड खिळ्यांसकट उपटला. धाडकन आवाज झाला तशी पंचफुला आतून धावत आली. मधुकररावांची ही एकुलती एक मुलगी, तिला सगळे फुलाच म्हणत. बाबा जेवायला गेलेले, आई कुणाच्या तरी लग्नाचा चुडा भरायला गेलेली. दुकानापुढं एक सायकल आडवी पडली होती, तिचं पुढचं चाक अजून फिरत होतं... आणि सायकलवाला?

सायकलवाला गुडघे टेकून बोर्डाच्या कोपऱ्यावरून हात फिरवत बसला होता.

"लागलं का हो तुमाले?"

"काय सुरेख गोलाई हाये!"

फुलाला वाटलं, झालं! डोक्यालाच मार बसला याच्या.

"मी विचारलं, लागलं का?"

"आं? नाही, नाही... हातभर दूर पडला." त्यानं मान वर केली. सावळा, तरतरीत चेहरा, कानाच्या पाळीवर पिवळ्या रंगाचा ठिपका. "पत्रा फाटला पाहा पुरा. पन चौकट जशीच्या तशी. पितळी हाये ना? कोनी आनली?"

"माझ्या आजोबानं, भंडाऱ्याहून. पन तुमी कोन, एवढी चौकशी करनारे?"

"हिरालाल गजभिये. पेंटर. बोर्ड बनवतो."

"असं! म्हनजे गिऱ्हाईक स्वतःच तुमच्या पुढ्यात येऊन पडलं म्हना की!"

तो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक झाले, आणि फुलाच्या लक्षात आलं की आपणही हसतो आहोत. आता अशा वेळी मुलीनं आत जायचं असतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. रोज शिकवलं जात होतं. अंगी लागलं नव्हतं, एवढंच.

"कोपरे असे गोल काहून केले असतील?" त्यानं विचारलं.

"आजोबा म्हनत, बांगडीच्या दुकानात टोकाचं काहीच नको. पदर अडकते, हात खरचटते."

"शहाना मानूस."

"आमच्या घरचे सगळेच शहाने हायेत."

"थे तं दिसूनच राहिलं," तो म्हणाला, आणि सायकल उचलून उभी करायला लागला. यावर रागवावं की लाजावं हे फुलाला ठरवता येईना. तिनं दोन्ही केलं आणि आत निघून गेली.

मधुकररावांनी काम त्यालाच दिलं. दुसरा चांगला पेंटर गाठायचा तर भंडाऱ्याला जावं लागलं असतं, आणि लग्नसराईत बिनबोर्डाचं दुकान त्यांना बघवत नव्हतं. अट एकच. चौकट दुकानाबाहेर जाणार नाही. नवा पत्रा बनवून आणायचा आणि इथं चौकटीत बसवायचा, ओतल्यासारखा.

हिरालाल कुठल्या वस्तीतला, कुणाचा, हे पवनीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. बौद्धांची वस्ती गावाच्या त्या टोकाला होती. काम ते काम, असं मधुकरराव म्हणाले. पण माप घ्यायला आलेल्या हिरालालला फुलानं पाणी दिलं, तेव्हा तो पेला विसळून वेगळा ठेव, असं त्यांनी तिला खालच्या आवाजात सांगितलं. फुलानं पेला विसळला आणि बाकीच्या पेल्यांतच ठेवून दिला.

हिरालालनं फीत लावून लांबी घेतली, रुंदी घेतली. मग कोपऱ्याशी येऊन अडला. डोकं खाजवलं.

"गोलाईचं माप काही समजून नाही राहिलं. काटकोनाचा गुन्या घरीच राहिला. एखादी बांगडी भेटन का?"

मधुकरराव एका गिऱ्हाईकात गुंतले होते. त्यांनी फुलाला खूण केली. फुला बांगड्यांची पेटीच घेऊन आली आणि चौकटीच्या दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसली. मध्ये तो पितळी कोपरा.

तिनं काचेची एक बांगडी पुढं केली. त्यानं ती कोपऱ्याच्या आतून टेकवली.

"लहान होते. हे पाहा, मंधात फट दिसून राहिली."

"मंग हे?"

"हे बी."

"अन् हे?"

"थोडी... थोडीशी अजून मोठी." बांगडी परत देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. त्यानं हात मागं घेतला नाही. तिनंही नाही. गिऱ्हाईक बाई भाव करत होती, बाबा तिच्यापुढं शपथा घेत होते, आणि इथं एक बांगडी दोघांच्या हातात होती, सोडायचं कुणी ते ठरत नव्हतं.

"तुमचे बोर्ड सगळे असेच बांगड्या लावून होतात काय, पेंटरभाऊ?"

"भाऊ नोका म्हनू."

"काहून?"

"असंच. बहिनी हायेत मले भरपूर."

फुलानं मान खाली घातली आणि पेटीच्या तळाशी हात घातला. तळाशी लाखेच्या बांगड्या होत्या, जाडजूड, लाल. जंगलातून लाख आणून आजोबा स्वतः घडवायचे, आता कुणी घेत नसे. त्यातली एक तिनं उचलली आणि या वेळी त्याच्या हातात न देता स्वतःच कोपऱ्यात ठेवली. बांगडी अश्शी बसली! कडेला कड, कुठं केसाएवढी फट नाही. चारही कोपऱ्यांत लावून बघितली. चारही जागी तशीच.

"बसली!" दोघं एकदमच बोलले.

"नंबर काय हिचा?"

"अडीच."

"पक्कं?"

"कासाराच्या पोरीले बांगडीचा नंबर विचारता? डोळे झाकून सांगन मी. अडीच म्हनजे अडीच."

हिरालालनं क्षणभर बांगडीकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. काहीतरी बोलणार होता तो. पण फुला हनुवटी वर करून अशी बघत होती, की त्यानं मुकाट्यानं तळहातावर पेनानं 'अडीच' लिहिलं आणि मूठ मिटली.

मग काय विचारता! पत्र्याचं काम सुरू झालं आणि हिरालालच्या अडचणींना ऊत आला. अक्षरं लाल हवीत की निळी? कडेनं सोनेरी किनार काढली तर चालेल का? आजोबांचं नाव वर घ्यायचं की खाली? प्रत्येक अडचण घेऊन तो दुकानात यायचा, आणि प्रत्येक वेळी बाबा बाहेर गेलेले असायचे. पवनीत योगायोगही किती असावेत! पानठेल्यावर बसल्या बसल्या बाबूलालनं ते सगळे हेरले होते. पण तो हिरालालकडून स्वतःची पाटी फुकटात रंगवून घेणार होता, म्हणून गप्प होता.

"तुमाले एवढं विचाराव लागते, मंग तुमाले येते तरी काय?" फुला म्हणायची.

"मले? मले बसून ऐकता येते."

ती बोलायची आणि तो ऐकायचा. आई बांगड्या कशी भरते, नवऱ्या मुलीचा हात कसा मऊ करून घेते, हात बघूनच कोण शेतात राबते आणि कोण नुसती बसून खाते ते कसं ओळखते, असलं सगळं. नागपुरात तो बोर्डाचं काम शिकला तेव्हाची त्याची गंमत ती ऐकायची. तो गेला की दुकान रिकामं वाटायचं. गिऱ्हाईकांनी भरलेलं असलं तरी.

आणि अशातच गोंदियाचं स्थळ आलं. बांगड्यांचे ठोक व्यापारी, मुलगा एकटा, चारचौघांत उठून दिसणारं घर. पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलगी पसंत म्हणाले. फुलाला कुणी काही विचारलं नाही. बाबांनी सुपारी फोडली आणि वैशाखातली तारीख धरली. त्या संध्याकाळी ती वैनगंगेच्या घाटावर जाऊन बसली. पाण्याकडं बघता बघता तिला कळलं, की आपल्याला रडू येत नाही, राग येतो आहे. गोंदियाच्या मुलाचा चेहरा आठवून बघितला, तर कानाच्या पाळीवरचा पिवळा ठिपकाच तेवढा आठवला.

बोर्ड तयार झाला. हिरालालनं तो सायकलवर बांधून आणला आणि कापड बाजूला केलं तशी गल्ली जमा झाली. लाल अक्षरं, कडेनं सोनेरी किनार, चारही कोपऱ्यांवर किनारीची गोल वेलबुट्टी. मधुकररावांचाही चेहरा खुलला. दोघातिघांनी पत्रा उचलला, चौकटीला लावला...

बसेना.

लांबी बरोबर, रुंदी बरोबर. पण चारही कोपरे अडले. पत्र्याचे कोपरे चौकटीपेक्षा टोकदार निघाले होते. ठोकून बघितलं, तिरपा करून बघितला. कानस मारावी तर कोपऱ्यावरची सोनेरी वेलबुट्टीच घासून जाणार.

"हे काम म्हनतात?" मधुकररावांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "सगळ्या बाजारापुढं माझं हसं केलं! मीच खुळा. या लोकाइले काम द्याच नोको, हे मले चार जनाइनं सांगितलं होतं!"

'या लोकाइले' म्हटल्यावर हिरालालचा चेहरा बदलला.  तो मान ताठ ठेवून पत्रा खाली उतरवायला लागला.

आत उभ्या असलेल्या फुलाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अडीच! बांगडीचा नंबर म्हणजे आतल्या भोकाचं माप. हात जातो तिथलं. कासाराला तेवढंच माप ठाऊक, बाहेरच्या कडेशी त्याला काय करायचं? आणि कोपऱ्याला तर बाहेरची कड टेकली होती. काचेची पातळ बांगडी असती तर खपूनही गेलं असतं, पण लाखेची ती जाड बांगडी... दोन्ही बाजूंची जाडी धरली तर अडीचची जवळजवळ तीन होत होती. हिरालालनं अडीचच्या हिशेबानं कोपरा कापला, म्हणून तो टोकदार निघाला.

ती सरळ बाहेर आली.

"बाबा, चूक त्याइची नाही. माप मी सांगितलं. बांगडीचं आतलं माप सांगितलं, बाहेरचं सांगाले पाह्यजे होतं."

"तू?" मधुकरराव गर्रकन वळले. "तुले कोनी सांगितलं मापं द्याले? तू कवापासून बोलून राहिली याच्यासंग?"

 बाबूलालनं पान लावता लावता हात थांबवला.

"वावटळ आली तवापासून," फुला म्हणाली.

तिला आत ढकलण्यात आलं. हिरालालला बजावण्यात आलं, की पुन्हा या पायरीवर दिसलास तर याद राख. रिकामी चौकट भिंतीला टेकून राहिली. जाताना हिरालाल एकच वाक्य बोलला, तेही मोठ्यानं नाही.

"बोर्ड मीच बसवीन, मधुकरराव. काम अपुरं नाही सोडत मी."

दोन दिवस गेले असतील नसतील. आईला लग्नघरी निघालेली पाहून फुलाही निघाली, पण गल्लीच्या तोंडाशी वळली दुसरीकडं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ती हिरालालच्या दुकानात जाऊन उभी राहिली. दुकान कसलं, वस्तीच्या तोंडाशी एक टिनाचं शेड. तिला बघून त्याच्या हातातला ब्रश डब्यात पडला.

"तू काहून आली अठी? कोनी पाह्यलं तं?"

"सगळ्याइनं पाह्यलं." तिनं ओच्यातून लाखेची बांगडी काढली आणि त्याच्यापुढं धरली. "घ्या. आता नंबर नाही सांगत. बांगडीच घ्या."

हिरालालनं ती घेतली. खुंटीवरचा गुण्या काढला, लोखंडी, काटकोनाचा. त्याच्या आतल्या बेचक्यात बांगडी सरकवली, दोन्ही बाजूंना टेकेपर्यंत. मग बेचक्यापासून बांगडी जिथं पट्टीला टेकली होती, तिथवर बोट ठेवून म्हणाला, "हे पाह. हे एवढं जे अंतर, थेच खरं माप गोलाईचं. याच्यात चूक होत नाही."

फुला बघतच राहिली.

"म्हनजे... तुमाले हे माहीत होतं?"

"बोर्डाचं कामच करतो मी, फुला."

"मंग गुन्या घरी राहिला म्हनाले थे?"

त्यानं गुण्या परत खुंटीला अडकवला. कानाची पाळी लाल झाली होती.

"गुन्या पिशवीतच होता," तो शेवटी म्हणाला. "गुन्या नसता तरी चाललं असतं. कोपऱ्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली असती तं गोलाई आपोआप उमटली असती. पन... कागद बोलत नाही ना."

"अन् अडीच? अडीच चुकीचं हाये, हे बी ठाऊक होतं?"

"जराक शंका आली होती."

"तं सांगितलं काहून नाही? माझ्या बापानं तुमाले बाजारात वाट्टेल थे म्हटलं! तुमच्या लोकाइले म्हटलं!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आल्याचाच तिला राग आला.

"तू एवढी ठामपनं म्हनली ना... हनुवटी अशी वर करून. मले वाटलं, खरंच असन. मले थे खरं मानायचं होतं." तो बांगडी फिरवत होता. "कामात कोनाचा शब्द असा आंधळेपनानं मी घेत नाही. तुझा घेतला. तवाच समजलं मले, की माझं काही खरं नाही आता."

शेडच्या पत्र्यावर ऊन तापत होतं. कुठंतरी कोंबडी कुचकुचत होती. 

"वैशाखात माझं लग्न हाये," ती म्हणाली. "गोंदियाले."

"ऐकलं."

"मंग?"

"मंग काय?" त्यानं बांगडी मुठीत धरली. "मी काय बोलू, फुला? बोललो तं माझ्यासंग वस्ती बी गोत्यात येते. तुझं घर बी तुटते. तू सुखात राहाशीन तिकडे."

"मी विचारलं का तुमाले, सुखात राहीन का म्हनून? मी विचारून राहिली, तुमी मले मागता का नाही?"

हिरालालनं तिच्याकडं पाहिलं. बारीक होणारे ते डोळे आता हसत नव्हते.

"मागतो," तो म्हणाला. "रोज मागतो. मनात."

"मनात नोको. बाजारात मागा." फुलानं डोळे पुसले. "मी चोरून येनार नाही, सांगून ठेवते. पळून जानाऱ्यातली नाही मी. आपन काही चोरलं नाही. बाजाराच्या दिवशी बोर्ड घेऊन या. दिवसाढवळ्या."

घरी काय झालं ते सांगायला नको. ती वस्तीत गेल्याची बातमी तिच्याआधी घरी पोचली होती. गोंदियाला कळायच्या आत लग्न उरकायचं म्हणून मधुकररावांनी तारीख अलीकडं ओढली आणि बाजाराच्या आदल्याच दिवशी चुडा भरायला बसवलं.

फुलाची आई सत्यभामाबाई, त्यांच्यासारखं बांगडी भरणारं पवनीत दुसरं कुणी नव्हतं. कसलाही हात असो, निबर, हाडकुळा, जाड. त्या हातात घ्यायच्या, चोळायच्या, गप्पा मारता मारता अंगठा आत दाबायच्या, आणि बांगडी कधी मनगटात गेली ते बाईला कळायचंही नाही. त्यांनी दोरीतून हिरव्या बांगड्या काढल्या आणि लेकीचा हात धरला.

फुलानं मूठ वळली.

"हात सोड, बाई."

"नाही."

आईनं मनगट चोळलं. बोटं एकेक करून उलगडू बघितली. एक उलगडलं की दुसरं मिटायचं. गावातल्या सगळ्या बायांचे हात ज्यांनी मऊ केले, त्या सत्यभामाबाईंना पोटच्या पोरीची मूठ उघडेना. मिटल्या मुठीवरून बांगडी जात नाही, हे कासारणीपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

"फुला, हाताले वळ उठून राहिले."

"उठू दे."

"काय हाये काय या पोरीच्या मनात?" मधुकरराव दारातून गरजले. "त्या वस्तीतल्या पोराले हात देशीन? आपल्यात कोनी दिला हाये का आजवर?"

"वस्तीतल्या बायाइचे हात धरून तं आपलं घर चाललं, बाबा," फुला म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण मूठ कापत नव्हती. "आई दर लग्नाले जाते तठी. त्याइचे हात आपल्या हातात घेते. हात धरनं चालते, मंग हात देनं काहून नाही चालत?"

 मधुकररावांनी दार आपटलं. सत्यभामाबाई मात्र तशाच बसून राहिल्या, लेकीची मूठ आपल्या ओंजळीत घेऊन. मग त्यांनी हिरव्या बांगड्या पुन्हा दोरीत ओवल्या.

"चांगला हाये का थो?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझं चुकलेलं माप बी खरं धरलं त्यानं."

सत्यभामाबाई उठल्या आणि त्यांनी पेटी बंद केली.

दुसऱ्या दिवशी बाजार फुलला. खेड्यापाड्यातून बैलगाड्या आलेल्या, भाजीवाल्या बसलेल्या, पोरींची बांगड्यांसाठी गर्दी. आणि गल्लीतून हिरालाल आला. सायकल हातानं ढकलत, सायकलला बांधलेला नवा पत्रा. धुतलेला पांढरा शर्ट घातला होता त्यानं. कुणाकडं न बघता तो दुकानापाशी आला, सायकल स्टँडवर लावली, भिंतीशी टेकलेली रिकामी चौकट उचलून पायरीवर आडवी ठेवली.

"ए! कोनी सांगितलं तुले?" मधुकरराव उठले.

"कोनी नाही. अपुरं राह्यलं होतं," हिरालाल म्हणाला आणि पत्रा चौकटीवर धरून सोडला.

पत्रा आत गेला. ना ठोकावं लागलं, ना तिरपं करावं लागलं. चारही कोपरे एका दमात बसले. जमलेल्या लोकांतून 'अय्या बाप्पा' असा आवाज उठला. मधुकररावांनी विडी उलगडून तिचं पातळ पान घेतलं, वाकले आणि एका कोपऱ्याच्या फटीत घालायला गेले. पान जाईना. दुसऱ्या कोपऱ्यात घातलं. तिथंही नाही. चारही कोपरे झाले. ते सरळ उभे राहिले.

"काम चोख हाये," ते कसेबसे म्हणाले. "पैसे सांग अन् निघ."

"पैसे नोको. मी... मधुकरराव, मी..."  हिरालालचे पुढचे शब्द काही केल्या बाहेर येईनात.

फुला पायरी उतरली. हातात दोरीत ओवलेला हिरवा चुडा होता.

"बाबा, त्याइच्यानं बोलनं होत नाही, मी बोलते. मी यांच्यासंग लग्न करनार हाये. पळायचं असतं तं कालच पळाली असती. मी सांगून चालली. बाजारात. सगळ्याइपुढं."

"हात तोडून टाकीन!"

"तोडा. पन हाये तोवर कोनाले द्यायचा, थे मी ठरवन."

आणि तिनं हिरालालपुढं हात धरला. तोच हात, वळ उठलेला. मूठ उघडी होती.

"घाला."

बिचारा हिरालाल! केसाएवढी रेघ ओढताना ज्याचा हात हलत नसे, त्यानं बांगडी मात्र कधी कुणाला भरली नव्हती. त्यानं बांगडी घेतली, तिच्या बोटांवरून सरकवली, जरा दाबली... कट्! बांगडी फुटली. तुकडे पायरीवर पडले.

"अगो माय!" भाजीवाल्यांतली कुणीतरी ओरडली. "चुड्याची बांगडी फुटली! काही खरं नाही यांचं!"

हिरालाल पांढराफटक पडला. आणि तेवढ्यात दुकानातून सत्यभामाबाई बाहेर आल्या. नवऱ्याला ओलांडून, पदर खोचून, पायरी उतरून.

"काय खरं नाही?" त्यांनी त्या बाईला विचारलं. "कासाराच्या घरी रोज शंभर फुटतात. आमचा संसार फुटला काय?"

 सत्यभामाबाईंनी लेकीचा हात एका हातात घेतला, आणि दुसऱ्या हातात हिरालालचा. अख्ख्या बाजारापुढं.

"असा नाही गा, बाबू. बांगडी नाही ढकलत. हात नरम कराव लागते आधी. हं, अंगठा आत दाब तिचा... जोरानं नोको. अन् तिच्या तोंडाकडे काय पाहून राहिला? हाताकडे पाह!"

गल्ली हसली. बांगडी गेली. अलगद, तेल लावल्यासारखी. मग दुसरी. मग तिसरी.

"नंबर काय हिचा, मावशी?" हिरालालनं विचारलं. त्याचे डोळे भरले होते, आणि तरी बारीक होऊन हसत होते.

"सव्वादोन," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आतून."

चुडा भरून झाला की नवरी कासारणीला वाकून नमस्कार करते, ही रीतच आहे. फुला वाकली. आजवर शेकडो नवऱ्यांना सत्यभामाबाईंनी ठरलेला आशीर्वाद दिला होता, न अडखळता. आज तो त्यांना पुरा म्हणता आला नाही. त्यांनी लेकीच्या डोक्यावर नुसता हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

मधुकरराव आत जाऊन गादीवर पाठमोरे बसले होते. फुला त्यांच्या पाठीकडं तोंड करून उंबऱ्याशी वाकली. त्यांनी वळून बघितलं नाही. ती उठली, हिरालालनं सायकल घेतली, दोघं निघाले. ती लपून नाही, त्याच्या शेजारून चालत होती, आणि गर्दी आपोआप बाजूला होत होती.

"थांबा!" आतून आवाज आला.

दोघंही जागीच थबकले. फुलानं नकळत पुन्हा मूठ वळली.

मधुकरराव अजून पाठमोरेच होते. आवाज तेवढा भरून आला होता.

"जाच्या आधी थे काचा उचला पायरीवरच्या. कोनाच्या पायाले लागन." ते थांबले. "बांगडीच्या दुकानापुढं टोकाचं काही नोको."

हिरालाल सायकल टाकून धावला आणि पायरीवर गुडघे टेकून हिरवे तुकडे वेचायला लागला. फुलाही त्याच्या शेजारी बसली. वेचता वेचता तिच्या हातातला नवा चुडा वाजत होता, आणि तो वाजू नये म्हणून तिनं हात आवरला नाही.